युरियाच्या गोणीतला गॅस आणि कंप्युटरवरचा हायड्रोजन कारखाना

जूनमध्ये सेलूच्या बाजारात कृषी सेवा केंद्रासमोर सकाळी सातलाच चपलांची रांग लागलेली दिसली की समजायचं, युरियाची रेक (मालगाडी) लागली. आमचे दाजी त्या दिवशी साडेपाच तास उभे होते. मशीनवर अंगठा दिला, पाच गोण्या मागितल्या, दोन मिळाल्या आणि दोन गोण्यांसोबत नको असलेली एक बाटलीही घ्यावी लागली. याला आमच्याकडे 'लिंकिंग' म्हणतात. दुकानदार कोण होता ते सोडा, हा अनुभव बहुतेकांना आहे.

घरी आले तर भाची ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. ती केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय : नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन तयार करणाऱ्या कारखान्याचं सिम्युलेशन. दाजींनी गोणी भिंतीला टेकवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरगी चार दिवसांपासून कंप्युटरवर गॅस जाळायली, पण बिल काही येईना."

हसून झाल्यावर त्यांनी खरा प्रश्न विचारला : या खेळाचा आणि आपल्या गोणीचा काही संबंध आहे का? संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे.

गोणीत हायड्रोजन कुठून आला?

युरिया तयार होतो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून. अमोनिया तयार होतो नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून. नायट्रोजन हवेत फुकट आहे, हवेचा जवळपास ७८ टक्के भाग तोच. हायड्रोजन मात्र सहसा मोकळा सापडत नाही. तो कशाला तरी चिकटलेला असतो : पाण्यात ऑक्सिजनला, नैसर्गिक वायूत कार्बनला. म्हणून खताच्या कारखान्यातलं खरं महागाचं काम म्हणजे हायड्रोजन सोडवून घेणं.

शाळेतल्या रसायनशास्त्रानं हिशोब मांडू. ४५ किलोच्या एका गोणीसाठी साधारण साडेपंचवीस किलो अमोनिया आणि ३३ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. त्या अमोनियासाठी साडेचार किलो हायड्रोजन. आणि तेवढा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून करायचा तर, भट्टीचं इंधन धरून, १४-१५ किलो वायू लागतो. घरातल्या भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो गॅस वेगळा, पण वजनाचा अंदाज यायला पुरे. दाजींनी खांद्यावरून आणलेल्या प्रत्येक गोणीमागे कुठेतरी एक सिलिंडर रिकामा झालेला आहे. गोणीवर छापलेली किंमत २६६ रुपये ५० पैसे, बाकीचा बोजा सरकारी अनुदानावर. परदेशातून जहाजानं येणारा वायू महागला की सेलूच्या रांगेपर्यंत त्याची झळ का येते, हे यावरून कळतं.

महाराष्ट्रात युरियाचे कारखाने आहेत ते थळ आणि मुंबईतल्या ट्रॉम्बेला, म्हणजे समुद्राच्या बाजूला. मराठवाड्यात माल येतो तो रेल्वेनं. आणि गोष्ट फक्त खताची नाही. ट्रॅक्टरमध्ये पडणारं डिझेल १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा दर्जाचं झालं. त्यातलं गंधक काढायला तेलशुद्धीकरण कारखान्यांना हायड्रोजनच लागतो.

मिथेनमधून तो सोडवतात कसा?

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन : एक कार्बन, त्याला चिकटलेले चार हायड्रोजन. हा वायू आणि पाण्याची वाफ एकत्र करून निकेलचा उत्प्रेरक भरलेल्या नळ्यांतून पाठवतात. उत्प्रेरक म्हणजे अभिक्रिया जुळवून देणारा मध्यस्थ, लग्न लावून देतो पण स्वतः मांडवात बसत नाही. नळ्या चाळीसेक फूट लांब, चार-पाच इंच रुंद, आणि मोठ्या कारखान्यात अशा शेकडो. बाहेरून भट्टी पेटलेली, आतलं तापमान ८०० ते ९०० अंश सेल्सिअस. या भट्टीला रिफॉर्मर म्हणतात.

आत मिथेनमधला कार्बन पाण्यातल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो, कार्बन मोनॉक्साइड होतो आणि हायड्रोजन मोकळा होतो. पुढच्या भांड्यात, बऱ्याच कमी तापमानाला, तो मोनॉक्साइड आणखी वाफेशी मिळून डायऑक्साइड होतो आणि जास्तीचा हायड्रोजन देतो. शेवटी गाळणी : दाबाखाली बाकीचे वायू धरून ठेवणारे आणि हायड्रोजनला जाऊ देणारे दाणे भरलेले मनोरे. पलीकडे ९९.९९ टक्के शुद्ध हायड्रोजन मिळतो. (खताच्या कारखान्यात मध्ये एक दुसरा रिफॉर्मर असतो. त्यात हवा सोडतात, म्हणजे नायट्रोजनची सोय तिथेच होते.)

गंमत बघा, एकूण सुटलेल्या हायड्रोजनपैकी अर्धा मिथेनमधला असतो आणि अर्धा पाण्यातला. 'गॅसपासून हायड्रोजन' म्हणताना आपण पाण्याचं नाव घ्यायला विसरतो.

मग सिम्युलेशन म्हणजे नेमकं काय?

कारखाना उभारायच्या आधी त्याचा जमाखर्च कंप्युटरवर मांडून बघणं. ॲनिमेशन नाही, व्हिडिओ गेमही नाही. पडद्यावर चौकोन दिसतात : भट्टी, भांडं, पंप, गाळणी. त्यांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे पाइप. प्रत्येक चौकोनाला दोन अटी पाळाव्याच लागतात. आत जेवढे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन गेले, तेवढेच बाहेर आले पाहिजेत. आणि आत जेवढी उष्णता गेली, ती कुठेतरी सापडली पाहिजे. गावच्या जत्रेचा हिशोब लिहिणारा जसा रुपया जुळेपर्यंत वही मिटत नाही, तसं.

एका चौकोनाचा हिशोब कागदावर होतो. पण तीस-चाळीस चौकोन, प्रत्येकात सहा-सात वायू, प्रत्येकाचं तापमान आणि दाब वेगळा, म्हटल्यावर समीकरणं हजारांत जातात. त्यात हवेच्या २५ पट दाबाखाली वायू पुस्तकातल्या आदर्श वायूसारखा वागत नाही. तो कसा वागेल यासाठी पेंग आणि रॉबिन्सन या दोघांनी १९७६ मध्ये मांडलेलं समीकरण आजही सर्रास वापरतात. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले, तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटीत अशा हिशोबासाठी मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यातून आलेलं सॉफ्टवेअर आजही महाग दरानं विकलं जातं. भाची वापरते ते डीडब्ल्यूसिम. ते फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि आयआयटी मुंबईचा फॉसी हा प्रकल्प विद्यार्थ्यांना त्यात काम करायला प्रोत्साहन देतो. परभणीच्या पोरीला आणि पवईच्या पोराला एकच अवजार हाती मिळतं, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

८५० अंशांवर ८० टक्के

तिनं माझ्यासमोर आकडे भरले. मिथेनच्या प्रत्येक कणामागे वाफेचे तीन कण, तापमान ८५०, दाब २५ बार. बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा एक दाब. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज बांधा. उत्तर आलं : १०० पैकी ८० मिथेन फुटला, २० तसाच बाहेर आला.

तापमान ७५० केलं. ५६-५७ वर आला. ८५० वरच ठेवून वाफ तीनाऐवजी दोन कण केली. ६८ च्या आसपास. वाफ पुन्हा तीन केली आणि दाब पाचवर आणला. एकदम ९८.

"मामा, मग पाचवरच का चालवत नाहीत?"

दाजीही पुढे सरकून बसले. आकडे बदलले की उत्तर बदलतं हे दिसायला लागलं की या विषयाची गोडी लागते. आणि हा प्रश्न तर अगदी रास्त होता.

दाब वाढला की अभिक्रिया मागे का सरते, ते आधी सांगतो. वायूचे दोन कण आत जातात आणि चार बाहेर येतात. दोन माणसांच्या बाकड्यावर चौघांना बसवायचं तर आजूबाजूला मोकळी जागा लागते. दाब म्हणजे गर्दी. गर्दीत निसर्ग चारांपेक्षा दोनच पसंत करतो. हायड्रोजन जास्त हवा तर दाब कमी, हे गणित बरोबर आहे.

पण कारखाना एका चौकोनावर चालत नाही. पुढच्या गाळणीला दाब लागतो. अमोनियाच्या भट्टीला तर याहून कितीतरी जास्त. वायू पाइपलाइनमधून मुळात दाबाखाली येतो. तो दाब सोडून द्यायचा आणि नंतर फुगलेला वायू कॉम्प्रेसरनं पुन्हा दाबायचा, यात विजेचं बिल आणि यंत्रांचा आकार दोन्ही हाताबाहेर जातात. पोत्यात कापूस दाबून भरलेला असताना तो सगळा उपसून पिंजायचा आणि मग पुन्हा त्याच पोत्यात कोंबायचा, असं कुणी करत नाही. त्यामुळे ८० टक्क्यांवर राजी व्हायचं.

मग तापमानच का वाढवू नये? तर नळ्या. त्या खास मिश्रधातूच्या असतात आणि साधारण एक लाख तास, म्हणजे अकरा-साडेअकरा वर्षं टिकाव्यात अशा हिशोबानं बनवतात. नळीची भिंत ठरलेल्यापेक्षा २० अंशांनी जास्त तापत राहिली, तर ते आयुष्य जवळपास निम्मं होतं. भट्टी ८५० ला चालवायची की ८७० ला, हा निर्णय कोट्यवधींचा असतो.

गुऱ्हाळाचं कोडं

न फुटलेला २० टक्के मिथेन वाया जातो का? नाही. गाळणीत अडकलेला मिथेन, मोनॉक्साइड आणि थोडा निसटलेला हायड्रोजन परत आणून त्याच भट्टीत जाळतात. आमच्याकडच्या गुऱ्हाळासारखंच : उसाचा रस काढला, चिपाड वाळवलं, चुलाणात घातलं आणि त्याच उसाचा रस काहिलीत आटवला.

पण हिशोब करणाऱ्यासाठी इथेच गोची होते. भट्टीला बाहेरून किती इंधन घालायचं? ते किती वायू परत येतो त्यावर ठरणार. परत किती येतो? ते भट्टी किती तापली त्यावर. भट्टी किती तापली? ते इंधनावर. सुरुवात कुठून करायची?

कंप्युटर इथे अंदाज ठोकतो. समज १०० एवढा वायू परत आला, असं धरून पूर्ण फेरी मारतो. शेवटी उत्तर येतं १३०. मग १३० च्या आसपासचा आकडा धरून पुन्हा फेरी. धरलेला आकडा आणि आलेला आकडा जुळेपर्यंत हे चालतं. जुळले की पडद्यावरचे चौकोन रंग बदलतात आणि विद्यार्थी चहाला जातात. कधी कधी आकडे जुळतच नाहीत, दोन टोकांत झोके घेत राहतात. भाचीचे चार दिवसांतले तीन याच झोक्यात गेले होते. सुरुवातीचा अंदाज जरा शहाणपणानं धरल्यावर सुटलं. गुळव्याला हे झोके माहीत नसतात, तो काहिलीत हात न घालता फेसावरून ओळखतो. पण त्याच्यामागे तीस हंगाम असतात.

यादीत नसलेला पाहुणा

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

वाफ तयार करायला खर्च येतो. म्हणून भाचीनं वाफ कमी करत नेली : तीन, दोन, एक, शेवटी मिथेनच्या एका कणामागे अर्धा कण. दरवेळी प्रोग्रॅमनं उत्तर दिलं. हायड्रोजन कमी होत गेला, पण कुठेही लाल खूण नाही, इशारा नाही. "चालतंय की मामा."

प्रत्यक्षात एवढ्या कमी वाफेत तो कारखाना लवकरच बंद पडला असता. वाफ कमी पडली की मिथेन फुटून नुसता कार्बन उरतो, म्हणजे काजळी. ती उत्प्रेरकावर बसते, नळी चोंदते, आतला वायू उष्णता नेईनासा होतो, नळी जागोजाग लाल होते आणि फुटू शकते. पातेल्याच्या बुडाला दूध लागतं तसं, फक्त इथे पातेलं फुटतं.

प्रोग्रॅमनं हे सांगितलं का नाही? कारण सुरुवातीला 'कोणते पदार्थ असतील' अशी यादी द्यावी लागते. तिनं मिथेन, पाणी, हायड्रोजन, कार्बनची दोन ऑक्साइडं, नायट्रोजन असं लिहिलं होतं. घन कार्बन लिहिलाच नव्हता. यादीत नाव नाही, त्याला ताट वाढलं जात नाही. काजळीचा हिशोब आम्ही मग कागदावर वेगळा मांडला, तेव्हा कुठे धोका दिसला. कारखाने वाफ तीनच्या आसपास ठेवतात ती उधळपट्टी नाही, विमा आहे.

गंधकाचंही असंच. वायूत त्याचा अंश असतो आणि निकेलला ते विषासारखं लागतं, म्हणून रिफॉर्मरच्या आधी झिंक ऑक्साइडच्या थरातून वायू गाळून घेतात. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये हा थर बहुतेकदा नसतोच, कारण त्यांच्या पडद्यावरचा वायू जन्मतःच स्वच्छ असतो.

मग यावर विश्वास ठेवायचा तरी कितपत?

जिथपर्यंत आपण काय गृहीत धरलं ते माहीत आहे, तिथपर्यंत. वर दिलेले ८० आणि ९८ टक्के हे आकडे 'समतोलाचे' आहेत, म्हणजे अभिक्रियेला हवा तेवढा वेळ दिला तर ती कुठे जाऊन थांबेल ते सांगणारे. किती वेळात थांबेल ते त्यात नाही. जायकवाडी भरलं की दरवाजे उघडणार हे ठरलेलं आहे. ते ऑगस्टात की सप्टेंबरात की यंदा नाहीच, हे नाशिकच्या पावसावर. वेगाचा हिशोब करायला प्रयोगातून काढलेली सूत्रं लागतात. निकेलवरच्या या अभिक्रियेसाठी झू आणि फ्रोमेंट यांनी १९८९ मध्ये दिलेली सूत्रं अजूनही संदर्भ म्हणून वापरतात. उत्प्रेरक जुना झाला की त्या सूत्रांचेही कान पिळावे लागतात.

रिफॉर्मरच्या बाबतीत मात्र समतोलाचा अंदाज बऱ्यापैकी जवळ जातो, कारण एवढ्या तापमानाला अभिक्रिया झपाट्यानं होते. म्हणून इथे नवशिक्याचं सिम्युलेशनही फारसं चुकत नाही. सगळ्या कारखान्यांचं असं नशीब नसतं.

आणि हरित हायड्रोजन? मराठवाड्यात पाणी आहे कुठे?

हा आक्षेप मी प्रत्येक वेळी ऐकतो. केंद्र सरकारनं ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. हरित म्हणजे सौर किंवा पवन विजेनं पाणी फोडून मिळवलेला. गॅसच्या वाटेनं एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो इथे सुटत नाही.

पाण्याचा हिशोब करू. पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला रसायनशास्त्रानुसार नऊ लिटर पाणी लागतं. शुद्धीकरण आणि थंड करणं धरलं तर आणखी. एका गोणीला साडेचार किलो, म्हणजे चाळीस लिटर : पाण्याचे दोन जार. गॅसच्या वाटेनंही त्यातलं निम्मं पाणी अभिक्रियेतच खपतं. उसाच्या एका पाळीला जे पाणी जातं, त्यापुढे हे काहीच नाही. पाण्यावरून हरित हायड्रोजनला नाही म्हणणं मला पटत नाही.

अडतं ते विजेवर. एक किलोला ५० ते ५५ युनिट. गोणीला सव्वादोनशेच्या वर. पाच रुपये युनिट धरलं तरी अकराशे रुपये नुसत्या विजेचे, आणि गोणी विकायची २६६ रुपये ५० पैशांना.

दुसरी अडचण कुणी बोलतच नाही. युरियाला ३३ किलो कार्बन डायऑक्साइडही लागतो. गॅसच्या कारखान्यात तो घरचाच असतो. अभिक्रियेतून गोणीमागे पंचवीसेक किलो सुटतो, म्हणजे खरं तर थोडा कमीच पडतो. (चिमणीतून जातो तो वेगळा. आणि गोणीत बांधलेला कार्बन युरिया रानात विरघळला की काही दिवसांत हवेत परत जातो, हे कंपन्यांच्या जाहिरातीत नसतं.) हरित हायड्रोजनसोबत कार्बन येतच नाही. अमोनियापर्यंत गाडी जाईल, युरियापर्यंत जायला कार्बन उसना आणावा लागेल.

"डिस्टिलरीतून आणता येईल की," भाची म्हणाली.

हे मला सुचलं नव्हतं. साखर आंबवून इथेनॉल करताना जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइड बुडबुडत बाहेर पडतो, जवळजवळ इथेनॉलच्या वजनाइतकाच. आम्ही तिथेच आकडेमोड केली : एका गोणीचा कार्बन म्हणजे साधारण ४४ लिटर इथेनॉल. आमच्या भागात साखर कारखाने आहेत, त्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, ऊनही आहे.

दाजींनी लगेच आडवं घातलं : "गाळप दिवाळीनंतर, युरिया लागतो जूनला. मधे ठेवणार कुठं?" रसावरची डिस्टिलरी हंगामापुरती, सौर वीज दिवसापुरती, आणि मागणी पेरणीनंतरच्या सहा आठवड्यांची. भाचीनं पडद्यावर अमोनियाच्या साठवणीसाठी एक नवा चौकोन ओढला आणि त्याला पाइप जोडायला लागली.